घेर बाहेर, कासोटा आत

मनू, तू विचारले आहेस, "आजी, लंडनमध्ये खाणावळीत जेवायला जाताना काय घालतात?" विनायकाला तेवढेही विचारावेसे वाटलेले नाही. रंगूनच्या शाळेत घालतो तोच कोट पुरेल, अशी त्याची समजूत आहे. पुरणार नाही. पण त्याचे पुढे सांगते.

तुम्ही दोघे येत्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर विलायत पाहायला निघणार हे कळले, आणि पाठोपाठ हा प्रश्न आला, तेव्हा मला हसू आवरेना. याच एका प्रश्नावर तुमच्या आजीने ठाण्यात आपला संसार सांभाळून उभा जन्म काढला आहे. इथल्या मासिकाचे चालक म्हणाले, नातवंडांना लिहाल तेच आमच्या दिवाळीच्या अंकालाही द्या, हल्ली बोटीवर चढणारे पुष्कळ झाले आहेत. म्हणून घरच्यांना ठाऊक असलेल्या चार गोष्टीही यात येतील. तुम्ही त्या पुन्हा वाचा. तुमचे काही बिघडत नाही.

आमच्या घरावर पाटी कधीच नव्हती. लोक त्याला 'काट्यांची शाळा' म्हणत. म्हणण्यात थोडी थट्टा असे, पण पत्ता विचारणाऱ्याला घर बरोबर सापडे. विलायतेस जाणारा माणूस बोट सुटण्याच्या आधी काही दिवस ठाण्यास उतरे, तळ्याकाठी आमच्या घरी येई, आणि मी त्याला तिकडचे कपडे घालायला, खुर्चीवर बसायला आणि मेजावरचे काटे-चमचे क्रमाने उचलायला शिकवी.

हे मला कसे आले? माझे वडील इथल्या कचेरीत कारकून. त्यांनी लोकांची बोलणी खाऊन मला मिशनच्या शाळेत घातले. इंग्रजी आले, म्हणून लग्नानंतर कलेक्टरसाहेबांच्या मडमेला मराठी शिकवण्याचे काम आले. तुमच्या आजोबांनी, "जा, नाहीतरी घरी तू मलाच शिकवतेस," म्हणून परवानगी दिली. मडमेला 'ने' आणि 'ला' यांतला फरक वर्षभर कळला नाही. ती मला प्रत्यय विचारी, मी तिला हातमोजे आणि टोप्या विचारी. ती गेली, दुसरी आली, तिसरी आली. मराठी कुणालाच फारसे आले नाही, मला मात्र त्यांचे मेज पाठ झाले.

मी स्वतः लंडन पाहिलेले नाही. हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत असे. एका वकिलाच्या मुलाने विचारले, "मग बाई, तुम्ही शिकवणार कसं?" मी म्हटले, "काशीला न गेलेले भटजी तुमच्याकडे गंगापूजन सांगतात की नाही? तसंच."

माझा धडा पायापासून सुरू होई. मग डोके, मग मधले सगळे. पण त्याही आधी एक वाक्य असे, ते तुम्ही दोघांनी पाठ करून ठेवा. आपण जेवायला बसताना कपडे उतरवतो, ते लोक जेवायला बसताना कपडे चढवतात. आपल्याकडे पान मांडले की माणूस पगडी खुंटीला लावतो, अंगरखा काढतो, सोवळे नेसतो, उघड्या अंगाने पाटावर बसतो. तिकडे जेवणाची वेळ झाली की दिवसभराचे कपडे बदलून अधिक कडक, अधिक गुंड्यांचे कपडे घालतात. दोघांच्याही मनात एकच असते, की अन्नापुढे शुद्ध होऊन जावे. शुद्ध कशाला म्हणायचे, एवढाच वाद.

तर पाय. जोडे काढायचे नाहीत. गालिचा कितीही मऊ असो, उंबरठा दिसला की आपली टाच आपोआप जोड्यातून वर येते, ती दाबून धरायची. मी शिकाऊ मंडळींना आमच्या ओटीवरून माजघरात बूट घालून दहा-दहा वेळा चालवत असे. शेजारच्या बायका मागच्या दाराने येऊन बघत आणि मंडळी गेल्यावर आमच्या गड्याला विचारत, "आज किती जणांनी बाटवलं रे घर?"

डोक्याचे उलट. इंग्रजी टोपी घातली असेल तर दाराशीच काढायची. इथे त्या वकिलाच्या मुलाने हटवादीपणा केला. "चारचौघांत बोडक्यानं बसू? माझं कोण गेलंय?" त्याचे खोटे नव्हते, आपल्याकडे बोडके डोके म्हणजे सुतक. मी त्याला म्हटले, टोपी घातलीस तर काढावी लागेल, पगडी घातलीस तर कुणी काढ म्हणणार नाही. पगडी हे आपले डोकेच, असे ते लोक समजतात. तो पगडी घेऊन गेला आणि पगडीसकट बॅरिस्टर होऊन आला.

मधल्या कपड्यांत वेळ पाहावी लागते. आपण प्रसंग पाहून कपडे घालतो, ते घड्याळ पाहून. दुपारी साध्या खाणावळीत स्वच्छ गडद कोट, पांढरी कॉलर, पुसलेले बूट पुरतात. दिव्यांच्या वेळी मोठ्या ठिकाणी काळा शेपटीचा कोट आणि पांढरा गळपट्टा लागतो. विनायका, तुझा शाळेचा कोट दुपारी चालेल, रात्री नाही. जरीचे, चकचकीत काही दिवसा घालू नये. आपल्याकडे श्रीमंती दाखवायला जे घालतात, त्याने तिकडे माणूस बाजा वाजवणाऱ्यांतला वाटतो.

या घड्याळाच्या प्रकरणात एकाची फार तारांबळ उडाली. मुलगा शास्त्र्यांच्या घरचा, हुशार, पण दोन धडे घेऊन तिसऱ्याला आला नाही. लंडनमध्ये एका भल्या कुटुंबाने त्याला जेवायला बोलावले आणि आमंत्रणात लिहिले, 'इव्हिनिंग ड्रेस'. त्याने मनात भाषांतर केले : संध्याकाळचा पोशाख. संध्याकाळचा पोशाख त्याच्या घरी एकच, तो संध्येचा. ऐन थंडीत हा रेशमी मुकटा नेसून, उपरणे घेऊन, कपाळी भस्म लावून त्यांच्या दिवाणखान्यात उभा! यजमानीणबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी काही न विचारता स्वतःची शाल आणून त्याच्या खांद्यावर घातली आणि जेवण होईपर्यंत त्याला विस्तवाजवळ बसवले. परत आल्यावर त्यानेच येऊन मला हे सांगितले. "बाई, कपडे चुकले, पण वेळ बरोबर होती. त्या दिवशी मी संध्या मात्र चुकवली नव्हती," असे वर म्हणाला.

बायकांनी काय घालावे हे मला कितीतरी वर्षे कुणी विचारलेच नाही, कारण बायका जातच नव्हत्या. माझी दुसरी मडम सांगत असे, की तिच्या आईच्या काळी त्यांच्याकडच्याही घरंदाज बायका खाणावळीत पाऊल टाकत नसत. आता नवऱ्याबरोबर जाऊ लागल्या होत्या, आणि म्हाताऱ्या बायका तिकडेही नाक मुरडत होत्या. ते ऐकून मला फार बरे वाटले होते.

मग एक दिवस गंगाकाकू आल्या.

गंगाकाकू कल्याणच्या. त्यांच्या घरची तांदळाची मोठी वखार होती. मुलगा माधव डॉक्टरी शिकायला चार वर्षांपूर्वी लंडनला गेला, तो जाण्याआधी माझ्याकडे शिकून गेला होता. काकू ठसठशीत कुंकवाच्या, आवाज खणखणीत. स्वतःच्या पाण्याचा तांब्या घेऊनच त्या घरात शिरल्या, कारण मडमा येऊन गेलेल्या घरचे पाणी त्या पीत नसत. मागे त्यांची सून द्वारका, त्यामागे ट्रंक घेतलेला हमाल. बसायच्या आधीच काकूंनी सांगून टाकले, "ही माझी सून. हिची मडम करायची आहे. किती दिवस लागतील?"

मी म्हटले, "काकू, आधी बसा तरी."

"बसते. पण खुर्चीवर नाही."

माधवने द्वारकेला बोलावून घेतले होते. एका ओळखीच्या डॉक्टरांचे कुटुंब महिन्याभरात बोटीने निघणार होते, त्यांच्या सोबतीने तिने जायचे होते. पण त्याने एक अट घातली होती आणि अटीबरोबर ही ट्रंक पाठवली होती. तिकडे त्याचे मित्र आपापल्या बायकांना घेऊन भोजनगृहात येतात. द्वारका त्यांच्यात गाउन घालून बसू शकत असेल तर तिने यावे. जमणार नसेल तर तो परत येईपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षे, कल्याणलाच राहावे. उगाच दोघांचे हसे नको.

मुलगा वाईट नव्हता. परक्या गावात चार वर्षे एकट्याने हसे सोसलेला माणूस असाच बोलतो.

काकू हात धुवायला मागे गेल्या तेवढ्यात द्वारका पहिल्यांदा बोलली. खाली मान घालून, पण भरभर. "बाई, आमच्या आळीत म्हणतात, त्यांनी तिकडे दुसरी केली असेल. मला माहीत आहे, केलेली नाही. पण आणखी दोन वर्षं मी रोज काय उत्तर देऊ? मला गाउन-बिउन काही कळत नाही. मला त्यांच्याशेजारी बसायचंय. बस्स."

ट्रंक उघडली. गाउन सुरेख होता. गडद जांभळ्या रंगाचे जड रेशीम, खाली भलामोठा घेर, वर माशाच्या हाडांच्या पट्ट्या घालून ताठ केलेली चोळी. ती चोळी आधी अंगाला आवळून घालायची असते. मी द्वारकेला माजघरात नेले आणि मागच्या नाड्या ओढू लागले. ओढते, ओढते, तरी पाठीवर वीतभर अंतर राहिलेच. खांदे आत जाईनात. तिला श्वास घेता येईना.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "अगो बाई! उशीच्या अभ्र्यात गादी कोंबताय की काय?"

द्वारका मात्र हसली नाही. ती नाड्या सोडून खाली बसली आणि म्हणाली, "हे माझ्यासाठी पाठवलेलंच नाही. दुसऱ्या कुणाचं माप आहे."

मी चोळी उचलून पाहिली. इवलासा खांदा, बारीक दंड. मग माझ्या ध्यानात आले. "द्वारके, ते गेले तेव्हा तू किती वर्षांची होतीस?"

"पंधराची."

"मग तुझंच माप आहे. त्यांनी जाताना पाहिलेल्या द्वारकेचं."

ती पुष्कळ वेळ त्या चोळीवरून हात फिरवत राहिली. काकूंचे हसणेही थांबले होते.

पण त्याने प्रश्न सुटला नाही. पत्र लिहून नवे माप कळवावे, तर उत्तर येईपर्यंत बोट निघून जाणार. मी म्हटले, लुगडेच नेसून जाऊ दे. कलेक्टरसाहेबांची मडम सांगते की चांगल्या ठिकाणी आपल्याकडच्या बाईला लुगड्यात पाहून कुणी अडवत नाही. फक्त एक गोष्ट करावी लागेल. पोटऱ्या झाकल्या पाहिजेत. कासोटा न घालता, गोल, घोट्यापर्यंत नेसावे लागेल.

माझे वाक्य पुरे होण्याआधीच काकू उठल्या. "कासोट्याशिवाय? आणि तशी पानावर बसणार? त्यापेक्षा उपाशी राहा म्हणावं!"

"काकू, तिकडे बाईचा घोटा दिसला तरी लोक खाली बघतात."

"आणि वर? वर काय घालतात त्या?"

इथे मला खरे सांगावे लागले. रात्रीच्या मोठ्या जेवणाला तिकडच्या बायका गळा, खांदे आणि दंड उघडे टाकतात, आणि त्यालाच सभ्यपणा समजतात.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "खांदे उघडे चालतात आणि पोटरी चालत नाही? ही कसली हो लाज, वरची खाली आणि खालची वर?" मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "ट्रंक लाव. आपण घरी चाललो. माझ्या घरची सून खांदे दाखवून जेवणार नाही आणि कासोटा सोडूनही जेवणार नाही. राहील दोन वर्षं. चौदा वर्षं राहिल्यात बायका."

द्वारकेने गाउनाची घडी घालायला घेतली. इतकी नीट घडी मी कुणाला घालताना पाहिली नाही. वेळ लावत होती, दुसरे काय.

रंगूनला वाढलेल्या मनूला हे सांगायला हवे. कासोटा म्हणजे लुगड्याचा मागे खोचलेला भाग, एवढेच नाही. आपल्याकडे बाईच्या अब्रूलाच कासोटा म्हणतात. तो सोड म्हणणे म्हणजे काय, हे मला कळत होते. मडमेला ते कधी समजावता आले नसते, आणि काकूंना मडमेचा घोटा समजावता येत नव्हता. मी दोघींच्या मधोमध, हातात नाड्या घेऊन उभी.

गाडीला अवकाश होता. काकू म्हणाल्या, "ठाण्याला आलेच आहे तर देवाला जाऊन येते." द्वारकेला माझ्याकडे ठेवून त्या कौपिनेश्वराच्या दर्शनाला गेल्या. द्वारकेने घडी घातलेला गाउन ट्रंकेत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

काकू परत आल्या त्या पायऱ्यांवरूनच हाका मारत. "बाई! अहो मास्तरीणबाई! ती चोळी फेकून द्या. घेर ठेवा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! खालचा घेर कापून काढा आणि परकर करा त्याचा. ही आत कासोटा घालून नीट लुगडं नेसेल आणि वरून तो घेर बांधेल. पदर राहीलच खांद्यावर आणि डोक्यावर. घेर बाहेर, कासोटा आत. साहेबाला घेर दिसू दे, देवाला कासोटा दिसेल."

मी म्हटले, "काकू, हे सुचलं कुठे तुम्हाला?"

"गाभाऱ्यात. हात जोडले आणि मनात आलं, ज्या देवाच्या नावातच कौपीन, म्हणजे लंगोटी, आहे, त्याला आतलं-बाहेरचं मी काय शिकवू?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आणि कार्ट्यानं माप आठवून पाठवलंय हो. अगदीच टाकून कसं द्यायचं?"

गाउन माझ्याच मेजावर कापला. काकूंनी एक बाजू धरली, द्वारकेने दुसरी, कात्री मी चालवली. कल्याणच्या शिंप्याने पट्टा लावून परकर शिवला आणि उरलेल्या कापडाची लांब बाह्यांची, बंद गळ्याची चोळी केली. पायात मोजे आणि बूट आले. डोक्यावरच्या पदराची मला चिंता होती, ती मडमेनेच मिटवली. तिकडेही दिवसा खाणावळीत पुरुष टोपी काढतात, बायका ठेवतात. म्हणजे बाईचे डोके झाकलेले असावे, यावर कल्याण आणि लंडन यांचे एकमत होते. एवढ्या एका गोष्टीवर.

पुढचे दिवस शिकवण्यात गेले. खुर्चीवर बसवले की द्वारका नकळत मांडी घाली. मी "पाय" म्हटले की ते खाली येत, आणि मी पाठ वळवली की पुन्हा वर जात. काकू रोज सोबत येत. पहिले दोन दिवस खाली पाटावर बसून होत्या, तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून मेजाशी आल्या.

"हा काय म्हणायचा? काटा की त्रिशूळ?"

"काटा. डाव्या हातात."

"डाव्या? डाव्या हातानं अन्न तोंडात? बाई, तुमची शाळा बंद करायला हवी."

पण दुपारपर्यंत त्यांनी उकडलेला बटाटा डाव्या हाताने उचलून दाखवला, आणि खाल्ला मात्र नाही.

द्वारका गेली. दोन वर्षांनी दोघे परत आले. मुंबईला उतरले, रीतसर प्रायश्चित्त झाले, आळीतल्या काही घरांनी पान बंद केले, काहींनी दवाखाना सुरू होताच उघडले. जरा स्थिरस्थावर झाल्यावर काकूंनी मला कल्याणला बोलावले. त्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही तिघीच होतो, आणि तेव्हा द्वारकेने सगळे सांगितले.

बोटीवरून उतरून आगगाडीने लंडनला पोचली, तेव्हा माधव स्टेशनवर उभा होता. लांबून त्याने तिला ओळखले नाही, घेराला ओळखले. जवळ आला, घेराकडे पाहिले, पदराकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"वरचं कुठे गेलं?" त्याने विचारले.

"बसलं नाही."

"माझं माप चुकलं का?"

"माप बरोबर होतं. मी वाढले."

त्याने तिच्या हातातले गाठोडे स्वतः घेतले. कल्याणच्या स्टेशनावर त्याने ते घेतले नसते.

आठवड्याने तिला तो जेवायला घेऊन गेला. वेळ दुपारची. शाकाहारी लोकांचे एक भोजनगृह होते, चांगले, आरशांचे. मित्र आणि त्यांच्या बायका येणार होत्या, पण हे दोघे आधी पोचले. दाराशी ताठ उभ्या असलेल्या माणसाने घेर पाहिला, पदर पाहिला, बूट पाहिले आणि वाकून दार उघडले. माधवने टोपी काढली. आत गेल्यावर कुणी हसले नाही. दोन बायकांनी वळून पाहिले, ते रेशमाकडे. आत कासोट्यामुळे पायांना ऊबही चांगली होती, हे द्वारकेने मला मुद्दाम सांगितले. तू हे लक्षात ठेव, मनू, तिकडची थंडी उन्हाळ्यातही दगा देते.

इथवर सगळे पार पडले. मग मित्र येईपर्यंत म्हणून माधवने मागवलेले सूप आले, म्हणजे भाज्यांचे सार. वाढप्याने पहिली थाळी द्वारकेपुढे ठेवली.

ती थांबली. नवऱ्याच्या आधी ती जन्मात जेवली नव्हती. तो जेवून उठला की त्याच्याच पानावर ती बसत आलेली.

माधवपुढेही थाळी आली. तोही थांबला. मीच त्याला चार वर्षांपूर्वी शिकवले होते, शेजारच्या बाईने चमचा उचलल्याशिवाय आपण उचलायचा नाही.

ती त्याची वाट पाहते आहे, तो तिची. सारावरची वाफ गेली. वर साय धरली. शेवटी वाढप्याला वाटले की सार काही बरे झालेले नाही, आणि त्याने माफी मागून दोन्ही थाळ्या उचलून नेल्या.

माधव लाल झाला. दातांतल्या दातांत म्हणाला, "सुरू का केलं नाहीस?"

"तुमच्या आधी?"

"इथे बायका आधी जेवतात."

"आणि सासूबाई?"

"आई कल्याणला आहे!"

"कासोटा इथे आहे," द्वारका म्हणाली.

दारातून मित्रमंडळी आत येताना दिसत होती. वाढप्या नव्या थाळ्या घेऊन निघाला होता. द्वारका मला म्हणाली, "बाई, तेव्हा मला वाटलं, आता हे म्हणणार, तू उद्याच परत जा." तिने मान खाली घातली. वर पाहिले तो माधवने मांडीवरचा रुमाल उचलून तोंड पुसल्यासारखा धरला होता, आणि रुमालाआड बशीतल्या पावाचा एवढासा तुकडा त्याच्या तोंडात गेला होता. तो चावून, गिळून, रुमाल खाली ठेवून त्याने तिच्याकडे पाहिले. झाले, मी जेवलो.

द्वारकेने चमचा उचलला. सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या आधी.

दोन वर्षे ती दोघे अशीच जेवली. आधी रुमालाआड तो, मग उघड ती. मित्रांच्या बायका म्हणत, डॉक्टरला जेवणाआधी तोंड पुसायची चमत्कारिक सवय आहे.

हे सगळे काकू पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या. त्यांनी कपड्यांचे काही विचारले नाही, गावाचे विचारले नाही. लाटणे थांबवून एवढेच म्हणाल्या, "म्हणजे लोकांत तू आधी, आणि आत तो आधी."

"हो."

"कासोटा आतच होता म्हणायचा."

"हो, सासूबाई."

"मग चालेल." लाटणे पुन्हा फिरू लागले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता इथे बरं झालं. इथे काही झाकायला नको. तो आधी, मग तू."

द्वारकेने पदर सारखा केला, आणि हसू लपवायला चुलीकडे तोंड केले.

तेवढ्यात बाहेर पाने मांडल्याचा आवाज झाला, आणि माधव नेहमीसारखा पाटावर बसण्याआधी, एक मूठ मिटून, स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "जरा पाणी हवं होतं," म्हणाला. द्वारका फुलपात्र घेऊन दाराआड गेली. ती परत आली तेव्हा फुलपात्र तसेच भरलेले होते, आणि ती काहीतरी चावत होती.

काकूंनी लाटणे खाली ठेवले. माझ्याकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, भरलेल्या फुलपात्राकडे पाहिले.

"अगो बाई," त्या म्हणाल्या, "म्हणून याला रोज एवढी तहान!"